बायजा आणि न फवारलेला टोमॅटो

माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक गाईशी बोलतं, माझ्याशी बोलत नाही. गाईला "माते, लक्ष असू दे", आणि मला "सुट्टे आहेत का?" जन्म गेला यात. म्हणून या अंकाची मंडळी जेव्हा देवळापाशी येऊन "काका, तुमच्या कामाबद्दल लिहून द्या" म्हणाली, तेव्हा मी आधी मागं वळून बघितलं. म्हटलं, गाईला तर सांगत नाहीत ना! मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. पण लिहिलंय ते माझ्या हातानं लिहिलंय, आणि त्यात काही बदलायचं असेल तर माझ्यासमोर बसून बदलायचं, असं मी आधीच बजावून ठेवलंय.

तर काम असं. हडपसरला दत्ताच्या एका लहानशा देवळाबाहेर कडुलिंबाचं झाड आहे. त्याच्याखाली मी गाय घेऊन बसतो. शेजारी लसूणघासाच्या पेंढ्या रचलेल्या असतात. येणारा-जाणारा एक पेंढी विकत घेतो, गाईला चारतो, पाठीवर हात फिरवून तोच हात कपाळाला लावतो आणि कामाला जातो. एवढंच. आधी माझी आई बसायची, तिचे गुडघे गेल्यावर मी बसलो. बहुतेक ठिकाणी हे काम बायका करतात, म्हणून आमच्या आळीत लोक हसले होते. हसू द्या. तेव्हा हसणाऱ्यांची रानं होती, आज त्याच रानांत बिल्डिंगी आहेत आणि त्यांतले दोघं-तिघं त्याच बिल्डिंगींच्या गेटवर खुर्ची टाकून बसलेत. मी अजून लिंबाखाली आहे.

एक गृहस्थ मला म्हणाले, "याला धंदा म्हणत नाहीत, भीक म्हणतात." मी म्हटलं, "साहेब, भीक मागणाऱ्याला रोज पहाटे माल आणावा लागत नाही." बघणाऱ्याला वाटतं, गाय उभी आहे आणि म्हातारा बसलाय. पण दिवसभर शंभर हात तिच्या तोंडापुढं येतात आणि प्रत्येक हातात काय आहे ते बघणं, हे माझं काम. पुण्य करणारा माणूस भलता उतावीळ असतो. त्याला दिलं की झालं. पुढं ते गाईच्या पोटात जाऊन काय करतं याची पंचाईत त्याला नसते.

गुरुवारचंच घ्या. कुणी तरी ज्योतिष्यानं सांगितलेलं असतं, गाईला हरभऱ्याची भिजवलेली डाळ आणि गूळ चारा. हे एकाला सांगितलेलं नसतं, सगळ्या हडपसरला सांगितलेलं असतं! दुपारपर्यंत माझ्यापुढं डब्यांची रांग. ती सगळी डाळ गाईच्या पोटात गेली तर संध्याकाळी गाय उताणी पडेल. म्हणून मी डबा हातात घेतो, चिमूटभर तिच्या तोंडाला लावतो, आणि बाकीची डाळ मागच्या पिंपात. ती आठवडाभर भुशात मिसळून थोडी थोडी जाते. हे कुणाला कळलं तर "आमचं पुण्य पिंपात टाकलं" म्हणून भांडण. एकदा झालंही होतं. भांडणारे गृहस्थ पिंपासमोर उभे राहून पिंपालाच नमस्कार करून गेले. पुण्यातला माणूस, अपमान कसा करायचा ते बरोबर ठाऊक.

खराडीच्या कंपनीतला एक मुलगा अमावस्येला येतो. बायको परदेशात. मोबाईलवर तिला दाखवत दाखवत चारतो. "काका, गाय जरा इकडं वळवता का? उजेड मागून येतोय." मी म्हटलं, "सूर्याला वळायला सांग, तो मोकळा आहे." वाढदिवसाचा केक आणणारे आहेत. लग्नातला उरलेला पुलाव पिशवीसकट ठेवून पळणारे आहेत. फ्रीजमधल्या आंबलेल्या पोळ्या तर रोजच्या. शेवटी मी पाटी लावली: "गाईस शिळे चारू नये. शिळे घरच्यांस वाढावे." त्यानंतर पोळ्या निम्म्यानं कमी झाल्या. एका बाईंनी पाटी वाचून मला "उद्धट" म्हटलं. त्यांच्या हातातल्या पिशवीतल्या पोळ्यांना बुरशी होती, ती मात्र उद्धट नव्हती.

भाजीपाला कुणी आणला तर मी एकच प्रश्न विचारतो. फवारलंय का? आईच्या वेळची एक गाय फ्लॉवरच्या पाल्यानं गेली होती. पाल्यावर औषध मारलेलं होतं. तेव्हापासून आमच्या घरात विष म्हणजे बाटलीतलं विष. बाटलीतलं नसेल तर खायला हरकत नाही. कोवळी ज्वारी तेवढी आईनं शिकवली होती, ती जनावराला कधी द्यायची नाही, पोटात जाऊन मारते. ज्वारी पिढ्यान् पिढ्यांची, म्हणून तिचं ठाऊक होतं. टोमॅटो मागाहून आलेला. आई त्याला भेदरं म्हणायची आणि तिच्या ताटात त्याला कधी जागा नव्हती. पण का नाही, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आता बायजाबद्दल. बायजा म्हणजे माझी सध्याची गाय. लहान असताना आली, इथंच लिंबाखाली मोठी झाली. तिनं रान बघितलेलं नाही. रानातलं जनावर खाली मान घालून हुंगतं, नको ते सोडतं, हवं ते ओढतं. बायजाला कधी निवडावंच लागलं नाही. तिच्यासाठी खाणं म्हणजे माणसाच्या हातातून येतं ते. हात दिसला की तोंड उघडलं. लोक म्हणायचे, "किती गुणी गाय आहे हो!" आणि मलाही त्याचा अभिमान होता. असणारच. हातानं न खाणारी गाय या कामात काही उपयोगाची नाही.

मेधाताई या समोरच्या सोसायटीत राहतात. बँकेतून निवृत्त झालेल्या. गच्चीवर बाग करतात, आणि बाग म्हणजे साधी नाही, तिच्यावर त्या लोकांना शिकवतातही. मला कधी नुसतं "अहो" म्हणून हाक मारत नाहीत, "गायकवाडकाका" म्हणतात, म्हणून माझ्या मनात त्यांना मान होता. उन्हाळ्याच्या तोंडाला एक दिवस त्या मोठं घमेलं घेऊन आल्या. वर स्वच्छ फडकं.

"गायकवाडकाका, आज बायजाला मेजवानी आहे. टोमॅटोचा हंगाम संपला. झाडं उपटली, पण कचऱ्यात टाकवेना हो. लेकरासारखी वाढवलेली."

फडकं काढलं. आत हिरवे गोळे. पाला, देठ, वरचे कच्चे टोमॅटो, सगळं विळीवर बारीक चिरलेलं, त्यात गव्हाचा कोंडा आणि भरपूर गूळ. बाईंनी सकाळ घालवली असणार.

मी विचारलं, "फवारलंय का?"

त्या दुखावल्यासारख्या झाल्या. "माझ्या बागेत? अहो, औषधाचा एक थेंब नाही! कडुलिंबाचं पाणीसुद्धा मारलेलं नाही."

मग काय. मी बाजूला झालो. एक गोळा, दुसरा गोळा. बायजा गुळाच्या वासानं खुळी झालेली. घमेलं चाटून पुसून लख्ख. मेधाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "झाडांचं सोनं झालं."

दुपार कलली तशी बायजाच्या तोंडातून लाळेची तार लोंबायला लागली. रवंथ थांबला. शेण पाण्यासारखं. मग डावी कूस फुगायला लागली ती इतकी, की टिचकी मारली तर ढोल वाजावा. पाय ताणून ती उभी होती आणि माझ्याकडं बघत नव्हती. जनावर माणसाकडं बघायचं थांबलं की उशीर करायचा नसतो. मी मुलाला, विजयला फोन लावला. तो रिक्षा चालवतो. सवारी टाकून सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आला.

डॉक्टरीणबाई म्हणजे कालपरवाची पोर. येतायेताच कानाच्या मागं केस खोवून तिनं कुशीवर कान लावला. "काय खाल्लं?"

मी सांगितलं. टोमॅटोचा पाला, पण फवारलेला नाही.

"किती?"

"घमेलंभर."

"अहो काका! पाला? आणि कच्चे टोमॅटो?"

"फवारलेला नव्हता म्हणतोय ना!" मी तिच्यावर खेकसलो. कामाच्या माणसावर खेकसू नये, पण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

ती तिचं काम करत राहिली. सुई घालून कुशीतली हवा सोडली, नळीनं तेल पाजलं, कोळशाची पूड पाण्यात कालवून पाजली, सलाईन लावलं. विजयनं सलाईनची बाटली लिंबाच्या फांदीला टांगली. मग ती हात धुताना म्हणाली, "काका, टोमॅटोच्या झाडाला फवारायला माणूस लागत नाही. ते स्वतःचं विष स्वतःच करतं."

"टोमॅटोत विष? मी रोज खातो. मेलो का?"

"पिकलेला खाता. पाला खाता का?"

मग तिनं सांगितलं ते मला समजलं तसं सांगतो. झाडाला पाय नाहीत. अळी आली, जनावर आलं, तर पळून जाता येत नाही. म्हणून ते पाल्यात, देठात, कच्च्या फळात कडू द्रव्य साठवून ठेवतं. खाणाऱ्याचं तोंड कडू व्हावं, पोट बिघडावं, पुन्हा त्यानं इकडं फिरकू नये. बटाट्याचे हिरवे कोंब, धोत्रा, वांग्याचं झाड, ही सगळी एका कुळातली, आणि जहाल असो की सौम्य, हीच विद्या सगळ्यांची. पण टोमॅटोची बी तयार झाली, फळ लाल व्हायला लागलं, की त्यातलं हे कडूपण ओसरतं. कारण आता झाडालाच वाटतं, कुणी तरी यावं, खावं, बी लांब नेऊन टाकावं. म्हणजे हिरवं आहे तोवर दार बंद, लाल झालं की या बसा!

ऐकून मला झाडाचं कौतुक वाटलं आणि त्याच वेळी अंगाचा तिळपापड झाला. हे मला आधी का कुणी सांगितलं नाही? फवारणीच्या बाटलीवर लाल खूण असते, कवटी असते. झाडावर काही नाही. माझी बायको, आता नाही ती, टोमॅटो तोडायला रोजानं जायची. संध्याकाळी तिचे हात काळेहिरवे चिकट व्हायचे, ते साबणानं निघायचं नाही, कच्चा टोमॅटोच चोळून काढायला लागायचं. भाकरी कडू लागते म्हणायची. ते कडूपण आमच्या घरात रोज संध्याकाळी येत होतं आणि मी त्याला नुसता मळ समजत होतो.

"पण मग तिनं खाल्लं कसं?" मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. "कडू असतं तर थुंकली असती."

"गूळ घातला होता ना," ती म्हणाली. "आणि हातानं दिलं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायजा उभी होती, पण खाली मान घालून. मेधाताई देवळात आल्या, सलाईनची सुई बघितली आणि जागच्या जागी थांबल्या. मी सांगितलं. मला सौम्यपणानं सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

"विष? माझ्या टोमॅटोत?" त्यांचा आवाज चढला. "मी एवढं जपून—"

"तुम्ही जपलंत, झाडानं पण स्वतःला जपलं. मधे माझी गाय गेली असती."

"अहो, पण गाय तुमची आहे! तुम्हाला ठाऊक नको?"

"आणि बाग तुमची! लोकांना शिकवता ना तुम्ही?"

देवळातला पुजारी बाहेर येऊन बघायला लागला. खरं सांगायचं तर ठाऊक दोघांनाही नव्हतं आणि आम्ही एकमेकांवर ओरडत होतो, कारण टोमॅटोवर ओरडून काही उपयोग नव्हता. त्या रडत घरी गेल्या. मला वाईट वाटलं नाही. तेव्हा नाही वाटलं.

खरा संताप पुढं आला. ही गोष्ट सोसायटीच्या मोबाईलवर गेली आणि आठवड्यात तिचं पार भलतंच झालं. टोमॅटो विषारी असतो! भाजीवाल्याकडं बायका अर्धवट पिकलेले टोमॅटो असे दूर सारायच्या जसा काही साप आहे. आमच्याच घरात सुनेनं हिरव्या टोमॅटोची चटणी केलेली, दाण्याचं कूट, लसूण, खमंग भाजून, ती चटणी फेकून द्यायला निघाली. "दादा, तुमच्या गाईचं झालं ना तसं होईल." मी पातेलं हिसकावून घेतलं. डॉक्टरीणबाईंना मुद्दाम विचारून आलो होतो. माणसानं भाजीत-चटणीत चवीपुरता हिरवा टोमॅटो खाल्ला तर काही होत नाही, ढिगानं कच्चे खाऊ नयेत आणि पाला खायचा नाही, एवढंच. बायजानं घमेलंभर पाला खाल्ला होता. पण हे कोण ऐकतो? काल घमेलंभर चारायला तयार असलेले लोक आज एक फोड खायला घाबरतात. मधलं काही नाहीच का या शहरात?

पण ते सगळं जाऊ दे. माझं नुकसान निराळंच झालं होतं आणि ते कुणाच्या मोबाईलवर आलं नाही.

बायजा बरी झाली. डोळे चमकायला लागले, रवंथ सुरू झाला. मी तिला पुन्हा लिंबाखाली आणून बांधलं. पहिलं गिऱ्हाईक आलं, नेहमीचे पोस्टातले देशमुख. पेंढी घेतली, हात पुढं केला. बायजानं मान फिरवली.

"काय हो, आज पोट भरलंय वाटतं?"

मी म्हटलं, असेल. दुसरा आला. तिनं मान फिरवली. एक नवी सून आली, सासूनं पाठवलेली. तिनं घास पुढं केला तशी बायजा दोन पावलं मागं सरली, दोरी ताणून. पोरीचा चेहरा उतरला. "माझ्यात काही दोष आहे का हो?" मी म्हटलं, "दोष तुझ्यात नाही गं, तिला अनुभव आलाय." पण ती ऐकायला थांबली नाही. आणि देशमुख तर म्हणे थेट ज्योतिष्याकडं गेले.

जमिनीवर ठेवलेलं ती खायची. पहिल्यांदा मी तिला खाली मान घालून हुंगताना बघितलं. एकेक काडी बाजूला सारून, रानातल्या जनावरासारखी. पण जमिनीवर टाकलेला घास चारायला पुण्यात कुणी थांबत नाही. त्यांना हाताला तिची जीभ लागायला हवी. ती खरबरीत जीभ हाताला लागली की मग त्यांना काम झाल्यासारखं वाटतं. पेंढ्या संध्याकाळी तशाच वाळायला लागल्या.

विजयनं एकदा जेवताना विषय काढला. "दादा, दुसरी आणू. हिला गावाकडं कुणाला तरी देऊन टाकू. हातानं न खाणारी गाय तिथं बांधून काय करायची हाय?"

"का देऊन टाकू?"

"का म्हणजे? कामाची नाय राहिली."

माझ्या हातातला घास ताटात पडला. "तिला अक्कल आली म्हणून देऊन टाकू व्हय? झाडाला आपलं रक्षण करायची विद्या हाय, तिचं आपण कौतुक करतो. ते डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यावर तूच मान हलवत होतास. गाईनं तेच केलं तर ती बिनकामाची? इतकी वर्षं तिनं कुणाच्याही हातातलं काहीही खाल्लं, कारण आपण तिला तसं वाढवलं. ती चुकली तेव्हा गुणी, शहाणी झाली तेव्हा भाकड?"

विजय म्हणाला, "मग बसा लिंबाखाली." आणि उठला. मीही म्हटलं, बसतो. मला बसायलाच येतं.

पुढचे दिवस मी विचार करत बसलो, आणि विचार करता करता हातातल्या पेंढीतली एक काडी चावली. सवय म्हणून, काही मुद्दाम नाही. कोवळा लसूणघास वाईट लागत नाही, मेथीच्या जवळपास जातो. बायजा माझ्याकडं बघत होती. मी दुसरी काडी तोंडात घातली, चावून गिळली आणि तीच पेंढी तिच्यापुढं धरली. तिनं हुंगलं. माझ्या तोंडाकडं बघितलं. मग हळूच, टोकाकडून, घेतलं.

तेव्हापासून माझ्याकडं नवा नियम आहे. चारा कुणीही आणा, तो माझ्या हातात द्यायचा. मी आधी खाणार, मग मी माझ्या हातानं तिला देणार. तुम्ही पाठीवर हात फिरवा, नमस्कार करा, फोटो काढा, पण हात तिच्या तोंडापुढं आणायचा नाही. भाजीचा पाला घेणं मी बंद केलं, घरचा असो की बागेतला, फवारलेला असो की नसो. पुष्कळ लोक नाराज झाले. "काका, पुण्याला आडकाठी करताय तुम्ही." एकजण तर म्हणाले, "म्हाताऱ्याचं वय झालं, गवत खायला लागला." होय, खातो. लाज वाटत नाही. तुमच्या घरात एखाद्या पदार्थाचा संशय आला तर तुम्ही आधी कुणाला चाखवता? कामवालीला की स्वतः घेता? सांगू नका, मला ठाऊक आहे.

मेधाताई बरेच दिवस आल्या नव्हत्या. एक दिवस आल्या, पेंढी घेतली, आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली. बायजाकडं बघितलंही नाही. मी काडी काढून चावली. त्या तिथंच उभ्या, पदर मुठीत धरून, मी गिळेपर्यंत. त्यांनी गच्चीवर शिकायला येणाऱ्यांना पहिल्याच दिवशी झाडांच्या या विद्येबद्दल सांगायला सुरुवात केली आहे, असं पुजारी म्हणाला. सांगोत. उशिरा का होईना.

गिऱ्हाईक पूर्वीपेक्षा कमी आहे. विजय अजून अधूनमधून दुसऱ्या गाईचं नाव काढतो, मी ऐकलं न ऐकल्यासारखं करतो. परवा तो खराडीचा मोबाईलवाला मुलगा आला होता. मी चावतोय ते त्यानं बायकोला दाखवलं. ती तिकडून खिदळली. मग तो म्हणाला, "पण काका, तुम्ही खाल्लं, तुम्ही चारलं, मग पुण्य आम्हाला कसं मिळणार?"

"ते दत्ताला विचार," मी म्हटलं. "मला पुण्याचं कळत नाही. मला कडू कळतं."

तो मोबाईल धरून उभाच होता. मी घास चावत होतो आणि बायजा माझ्या तोंडाकडं बघत होती. मी गिळल्याशिवाय ती तोंड उघडत नाही. आणि मीही तिला घाई करत नाही.